पीसी (पॉलिकार्बोनेट) आणि अ‍ॅक्रिलिकच्या लेन्सवर पावसाळ्यात येणारा सिल्व्हर: कारण कुठे शोधायचं आणि काय दुरुस्त करायचं

जून संपत आला की महापे, रबाळे, पावण्यापासून वागळे इस्टेटपर्यंत पारदर्शक मोल्डिंग करणाऱ्या युनिटांमध्ये एकच तक्रार सुरू होते. एलईडीच्या लेन्सवर, मीटरच्या कव्हरवर, स्ट्रीटलाइटच्या काचेवर गेटपासून, म्हणजे माल साच्यात शिरतो त्या तोंडापासून, पंख्यासारख्या पसरणाऱ्या चंदेरी रेषा येतात. यालाच सिल्व्हर म्हणतात. मे महिन्यात ज्या सेटिंगवर माल ओके जात होता, त्याच सेटिंगवर जुलैत रिजेक्शन वाढतं. मग ऑपरेटर तापमान दहा अंश वाढवतो, दुसऱ्या शिफ्टचा माणूस इंजेक्शन स्पीड कमी करतो, कुणी बॅक प्रेशर (माल वितळताना मशीनच्या स्क्रूवर ठेवलेला उलटा दाब) चढवतो. ऑक्टोबरात हवा कोरडी झाली की सिल्व्हर आपोआप जातो आणि शेवटी ज्याने सेटिंग बदललं त्याला श्रेय मिळतं. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तेच.

मूळ दोष बहुतेक वेळा मशीनच्या पॅनेलवर नसतो. तो प्लॅस्टिकचा कच्चा दाणा वाळवण्यात असतो, आणि पीसी व अ‍ॅक्रिलिक हे दोन दाणे एकाच ड्रायरमध्ये अगदी वेगळे वागतात. त्यामुळे "ड्रायर चालू आहे" हे उत्तर पुरेसं नाही.

आधी दोष नीट पाहा

सिल्व्हर चंदेरी का दिसतो हे कळलं तर निम्मं निदान होतं. वितळलेल्या मालात वायूचे बुडबुडे असतात. ते साच्याच्या भिंतीवर घासत, चपटे होत पुढे सरकतात आणि पृष्ठभागालगत पातळ पापुद्र्यासारखे अडकतात. पीसीचा अपवर्तनांक सुमारे १.५८६, आतल्या वायूचा जवळजवळ १. प्रकाश पीसीमधून त्या पापुद्र्यावर ३९ अंशांपेक्षा जास्त तिरका पडला की पूर्ण परावर्तन होतं, म्हणून ती रेष आरशासारखी चमकते. अ‍ॅक्रिलिकमध्ये (अपवर्तनांक १.४९) हाच कोन सुमारे ४२ अंश येतो. म्हणूनच सरळ समोरून न दिसणारी बारीक रेष भाग तिरका धरला की उठून दिसते. तपासणीच्या टेबलावर भाग काळ्या कागदावर ठेवून बाजूने लाइट मारा. डोक्यावरच्या ट्यूबखाली निम्मे दोष सुटतात.

रेषा कशा आहेत ते दहापट भिंगातून पाहा:

– पंख्यासारख्या, प्रत्येक शॉटमध्ये (साचा एकदा भरण्यात) थोड्या वेगळ्या जागी, साच्यातल्या सगळ्या कॅव्हिटीत (भागाच्या आकाराच्या पोकळ्यांत): ओलावा.
– गेटजवळ नेहमी त्याच जागी, बाकी भाग स्वच्छ: सक-बॅक (माल गळू नये म्हणून स्क्रू थोडा मागे ओढणं) जास्त झाल्याने किंवा बॅक प्रेशर कमी असल्याने नोझलमधून आत खेचलेली हवा.
– रेषांना तपकिरी झाक आणि जवळपास बारीक काळे ठिपके: माल जळतोय. बॅरलमध्ये (माल वितळवणाऱ्या गरम नळीत) तो फार वेळ राहतोय किंवा गेट लहान असून शिअर (अरुंद वाटेतलं घर्षण) जास्त होतंय.
– जाड लेन्सच्या मधोमध एकच गोल पोकळी: हा सिल्व्हर नाहीच. बाहेरचा थर आधी गोठला आणि आतला माल आकसला, त्यातून झालेली ती निर्वात पोकळी आहे. खात्री करायची असेल तर हॉट एअर गनने तिथे हळूहळू उष्णता द्या. पोकळी निर्वात असेल तर खाली बसते आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. वायू असेल तर बुडबुडा फुगतो. निर्वात पोकळीला ड्रायरचा उपाय नाही. होल्डिंग प्रेशर (साचा भरल्यावर मालावर धरून ठेवलेला दाब) व वेळ वाढवा, आणि गेट लवकर गोठत असेल तर ते मोठं करा.

आता दुसरी पटकन होणारी चाचणी, एअर शॉट. नोझल मागे घ्या, फेस शील्ड घाला, बाजूला उभे राहा आणि माल पत्र्यावर सोडा. कोरडा पीसी काचेच्या दोरीसारखा सलग, चकचकीत उतरतो. ओला असेल तर दोरी फेसाळ, दुधाळ दिसते आणि बाहेर पडताना तडतडते. एअर शॉट स्वच्छ असूनही भागावर सिल्व्हर असेल, तर ड्रायरला दोष देऊ नका. गेट, इंजेक्शन स्पीड आणि साच्याचा व्हेंट (हवा बाहेर जायची फट) तपासा.

पक्की खात्री हवी असेल तर काचपट्टीची चाचणी करा. ओलावा मोजायचं महाग यंत्र नसलेल्या युनिटसाठी ती उत्तम आहे. हॉट प्लेट २७० अंशांवर आणा. प्रयोगशाळेतल्या दोन साध्या काचपट्ट्या तिच्यावर एक-दोन मिनिटं तापवा. थेट हॉपरच्या (मशीनवरच्या दाणा भरायच्या भांड्याच्या) तळातून, म्हणजे मशीनच्या घशातून, चार दाणे चिमट्याने उचलून एका पट्टीवर ठेवा. दुसरी पट्टी वर ठेवून लाकडी पट्टीने दाबा, प्रत्येक दाणा साधारण एक सेंटीमीटरची टिकली होईपर्यंत. पट्ट्या काढून गार होऊ द्या. टिकल्या स्वच्छ असतील तर माल कोरडा. एखाद्या टिकलीत एक-दोन बुडबुडे दिसले तर ती दाबताना अडकलेली हवा असू शकते, चाचणी पुन्हा करा. भाजलेल्या पापडासारखे फोडच फोड दिसले तर सेटिंगला हात लावायचं कारण नाही, ड्रायरकडे जा. दाणा ड्रायरच्या वरून घेतला तर चाचणीला अर्थ राहत नाही. मशीनमध्ये जो जातोय तोच दाणा तपासायचा.

पीसीचं गणित वेगळं, अ‍ॅक्रिलिकचं वेगळं

बहुतेक लहान युनिटांत साधा हॉट एअर हॉपर ड्रायर असतो. तो बाहेरचीच हवा ओढतो, तापवतो आणि दाण्यातून सोडतो. हवेतलं बाष्प तो काढत नाही. तेव्हा बाहेरची हवा कशी आहे हे महत्त्वाचं.

जुलैत ठाणे खाडीच्या काठी २८ अंश तापमान आणि ८८ टक्के आर्द्रता ही नेहमीची परिस्थिती. अशा हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं बाष्प पाणी होऊन धरू लागतं तो, २६ अंशांच्या आसपास येतो. हीच हवा १२० अंशांपर्यंत तापवली तर तिची सापेक्ष आर्द्रता १.७ टक्क्यांच्या जवळ येते. ८० अंशांपर्यंतच तापवली तर ७ टक्के राहते. जानेवारीत २४ अंश आणि ४५ टक्के आर्द्रतेची हवा ८० अंशांवर नेली, तर हाच आकडा तीन टक्क्यांच्याही खाली जातो.

आता दाण्याकडे बघू. पीसी पाण्यात भिजवला तरी वजनाच्या सुमारे ०.३५ टक्के पाणी धरतो, आणि मोल्डिंगसाठी ओलावा ०.०२ टक्क्याच्या खाली लागतो. तो १२० अंशांवर वाळवता येतो. ढोबळ हिशेबाने १.७ टक्के आर्द्रतेच्या हवेत त्याचा समतोल ओलावा ०.०२ च्या बराच खाली, ०.००६ टक्क्याच्या आसपास येतो. म्हणजे भर पावसाळ्यातही साधा हॉट एअर ड्रायर पीसीला वाळवू शकतो. त्यासाठी पूर्ण १२० अंश आणि पूर्ण वेळ मात्र मिळायला हवा.

अ‍ॅक्रिलिक पाणी पुष्कळ जास्त धरतं, संपृक्त स्थितीत २ टक्क्यांच्या आसपास. आणि त्याचा दाणा ८० ते ९० अंशांच्या वर नेला की मऊ होऊन हॉपरमध्ये गठ्ठे होतात, नेमकी मर्यादा ग्रेडवर ठरते. ८० अंशांवर ७ टक्के आर्द्रतेच्या हवेत ते ०.१४ टक्क्याच्या जवळपास अडकून बसतं. लागतं ०.०५ ते ०.१ च्या खाली. म्हणजे जुलैत बाहेरच्या हवेवर चालणाऱ्या ड्रायरमध्ये अ‍ॅक्रिलिक सहा तास ठेवा की सोळा तास, ते पुरेसं वाळणारच नाही. जानेवारीत तोच ड्रायर त्याला ०.०६ च्या आसपास आणतो आणि माल निघतो. "हिवाळ्यात चालतं, पावसाळ्यात चालत नाही" या तक्रारीचं अ‍ॅक्रिलिकपुरतं उत्तर एवढंच आहे. इथे वेळ वाढवण्यात वीज वाया जाते. हवेतलं बाष्प आधी काढून घेणारा डीह्युमिडिफाइंग ड्रायरच हवा, दवबिंदू उणे ३० ते उणे ४० अंशांचा. तो घेणं परवडत नसेल तर पावसाळ्याच्या चार महिन्यांपुरता भाड्याने घ्या, किंवा ओलावारोधक बंद पिशवीतला माल घेऊन पिशवी उघडल्यावर लगेच वापरा.

पीसीत सिल्व्हर येतो तेव्हा ड्रायर कुठे फसतो

पीसीच्या बाबतीत ड्रायरचा प्रकार बरोबर असला तरी तो नीट काम करतोय का, हा खरा प्रश्न. पुढच्या गोष्टी याच क्रमाने तपासा, कारण पहिल्या दोनच सर्वांत जास्त वेळा सापडतात.

हॉपरचा आकार. मशीन तासाला १२ किलो माल खात असेल आणि वाळवायला ४ तास लागत असतील, तर हॉपरमध्ये सतत ४८ किलो दाणा हवा. पीसीच्या दाण्याचं घनफळाप्रमाणे वजन लिटरला ०.६५ ते ०.७ किलो धरलं, तर हा हॉपर ७० ते ७५ लिटरचा झाला. मशीनवर बसवलेला २५ किलोचा हॉपर दाण्याला दोनच तास देतो. वर ऑपरेटर तो निम्मा रिकामा होऊ देतो आणि मग एकदम पूर्ण बॅग ओततो. तेव्हा तासाभरात अर्धवट वाळलेला दाणा घशात उतरतो. रिजेक्शनची वेळ आणि बॅग ओतल्याची वेळ एका कागदावर दोन पाळ्या लिहून ठेवा, संबंध लगेच दिसतो. मोठा हॉपर येईपर्यंत रोज पाळी सुरू होण्याआधी ट्रे ओव्हनमध्ये १२० अंशांवर दाणा वाळवून घेता येतो. थर तीन सेंटीमीटरपेक्षा जाड नको, आणि ओव्हनची बाहेर जाणारी झडप उघडी हवी. झडप बंद ठेवली तर वाफ आतच फिरत राहते.

तापमान कुठे मोजलंय. पॅनेलवर दिसणारे १२० अंश हीटरच्या तोंडाशी असतात. थर्मामीटरची लांब सळई दाण्याच्या ढिगात मध्यापर्यंत आणि तळाशी खुपसून बघा. ढिगात ९५-१०० अंश दिसले तर हवा कमी येतेय. फिल्टर तुंबलाय, होजला भोक आहे, किंवा हॉपरच्या तळातली जाळीदार शंकू काढून ठेवलीय आणि हवा एकाच बाजूने वर निघून जातेय. ब्लोअर उलटा फिरतोय का तेही पाहा. थ्री-फेज लाइनचं काम झालं, वायरमनने फेज उलटे जोडले, की ब्लोअर उलटा फिरतो. आवाज येतो, हवाही येते, पण फार कमी. पंख्याच्या आवरणावरच्या बाणाशी फिरण्याची दिशा ताडून पाहा. दोन फेज अदलाबदल केले की काम झालं. पण हे विजेचं काम लाइन बंद करून वायरमनकडूनच करून घ्या.

वाळल्यावर परत ओलावा. हॉपर लोडरने वाळलेला दाणा शेजारच्या मशीनवर ओढताना खोलीची ओली हवा त्यातून जाते. वर मशीनवरच्या लहान हॉपरला झाकण नसतं. गरम, कोरडा पीसी दमट हवेत पाणी लगेच ओढतो. अर्ध्या तासाच्या आत ०.०२ ची मर्यादा ओलांडली जाऊ शकते. मशीनवरच्या हॉपरमध्ये १५ मिनिटांपेक्षा जास्त पुरेल एवढा दाणा ठेवू नका आणि झाकण बंद ठेवा. मशीन अर्धा तास थांबलं असेल तर त्या हॉपरमधला दाणा काढून ड्रायरमध्ये परत टाका.

डीह्युमिडिफाइंग ड्रायर असूनही सिल्व्हर. इथे बहुतेक वेळा रीजनरेशनचा, म्हणजे ओलावा शोषलेला पदार्थ तापवून पुन्हा कोरडा करण्याचा, हीटर जळालेला असतो. ड्रायर चालू दिसतो, गरम हवा देतो, पण आर्द्रता शोषणारा आतला पदार्थ ओलाच राहतो. दवबिंदूचा मीटर बघा. तो नसेल तर रीजनरेशनच्या वेळी बाहेर पडणारी हवा गरम लागते का ते हाताने दुरूनच तपासा. दुसरं कारण म्हणजे परतीची हवा. पीसी १२० अंशांवर वाळवताना परतीची हवाही गरम असते, आणि ती ६०-६५ अंशांच्या वर असेल तर शोषक पदार्थ पाणी धरत नाही. परतीची हवा गार करणाऱ्या आफ्टर-कूलरचं पाणी बंद असेल तर नेमकं हेच होतं. पाण्याच्या लाइनचा व्हॉल्व्ह मेंटेनन्सला बंद करून विसरलेला असणं ही फार सर्वसाधारण गोष्ट आहे.

तापमान वाढवून सिल्व्हर झाकू नका

ओल्या पीसीत तापमान वाढवलं की सिल्व्हर वाढतो. कारण फक्त जास्त वाफ एवढंच नाही. वितळलेल्या पीसीची साखळी पाण्याने तुटते, हायड्रोलिसिस होतं, आणि तापमान वाढलं की ते जोरात होतं. साखळ्या आखूड झाल्या की माल पातळ होतो, भाग ठिसूळ होतो. उलट दिशेने, इंजेक्शन स्पीड कमी करून आणि होल्डिंग वाढवून ओल्या मालातही सिल्व्हर बऱ्यापैकी दाबता येतो. हेच जास्त धोक्याचं. डोळ्यांनी ओके दिसणारी लेन्स साखळ्या तुटलेल्या पीसीची असते, ती बसवताना स्क्रूच्या भोकाशी तडकते. शंका असेल तर मेल्ट फ्लो (वितळलेला माल किती सहज वाहतो याचा आकडा) तपासा, ३०० अंश आणि १.२ किलो भारावर. दाण्याचा आकडा १० असेल आणि भागाचा १३ किंवा त्यापुढे गेला, तर माल मोल्डिंगमध्येच खराब झालाय.

म्हणूनच सिल्व्हर आलेले भाग ग्राइंड करून परत वापरू नका. ते कितीही वाळवले तरी तुटलेली साखळी जुळत नाही. पारदर्शक लेन्समध्ये रीग्राइंड (दळून परत वापरलेला माल) मुळात टाकूच नये, पण टाकलंच जात असेल तर फक्त स्वच्छ रनरचं (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेल्या मालाचं), धूळ चाळून.

सेटिंग कोरड्या दाण्यावरच ठरवायचं. पीसीसाठी बॅरल २८० ते ३१० अंश, साचा ८० ते १०० अंश. बॅक प्रेशर ५ ते १० बार, हायड्रॉलिक. सक-बॅक ३ ते ५ मिलिमीटर, त्याहून जास्त नको. स्क्रूचा परिघाचा वेग सेकंदाला ०.२ ते ०.२५ मीटर, ४० मिलिमीटरच्या स्क्रूला हे मिनिटाला ९५ ते १२० फेरे होतात. अ‍ॅक्रिलिकसाठी बॅरल २२० ते २६०, साचा ६० ते ८० अंश.

लहान लेन्स मोठ्या मशीनवर काढणं ही आपल्याकडची नेहमीची तडजोड. मशीन रिकामं आहे म्हणून तिथे लावलं जातं. हिशेब करून बघा. मशीनचा कमाल शॉट १५० ग्रॅम असेल तर बॅरलमध्ये साधारण त्याच्या दुप्पट, ३०० ग्रॅम माल उभा असतो. शॉट २० ग्रॅमचा आणि सायकल ४० सेकंदांची असेल तर दाणा बॅरलमध्ये १५ सायकल, म्हणजे दहा मिनिटं शिजतो. ३०० अंशांवर पीसीला इतका वेळ जास्त होतो, पिवळा पडतो. शॉट ६० ग्रॅमचा असता तर हाच वेळ साडेतीन मिनिटांच्या आत आला असता. शॉट मशीनच्या कमाल शॉटच्या ३० ते ७० टक्क्यांत बसवा.

सुट्टीच्या आदल्या दिवशी पीसीचं बॅरल पूर्ण गार करू नका. गार होताना पीसी पोलादाला घट्ट धरतो आणि आकसताना त्याचा जळका थर सुटतो, मग पुढचे दोन दिवस काळे ठिपके येत राहतात. हीटर १६०-१७० अंशांवर ठेवा, किंवा पॉलिथिलीनने नीट पर्ज करून, म्हणजे आतला माल ढकलून बाहेर काढून, मग बंद करा. पीसीच्या आधी किंवा नंतर त्याच बॅरलमध्ये अ‍ॅसिटल किंवा पीव्हीसी चालवायचं असेल तर मध्ये पूर्ण पर्ज केल्याशिवाय हात लावू नका. अ‍ॅसिटल पीसीच्या तापमानाला वायू सोडतं आणि बॅरलमध्ये दाब वाढतो, हा सुरक्षेचा प्रश्न आहे.

सिल्व्हर नाही, पण लेन्स धूसर आहे

धूसरपणाची दोन घरं असतात: पृष्ठभाग किंवा आतला माल. ओळखायची युक्ती सोपी आहे. औषधाच्या दुकानातलं ग्लिसरीन घ्या, त्याचा अपवर्तनांक १.४७. धूसर जागेवर एक थेंब पसरा आणि त्यातून पाहा. धूसरपणा गेला तर दोष पृष्ठभागाचा होता, कारण खडबडीत खाचा ग्लिसरीनने भरल्या आणि प्रकाश विखुरणं थांबलं. तसाच राहिला तर दोष आत आहे. दोन्ही बाजूंना थेंब लावून बघायला विसरू नका.

पृष्ठभागाचा असेल तर पावसाळ्यात पहिली शंका दवाची. अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिस्टायरिनला सायकल कमी करायला चिलरचं १५-१८ अंशांचं पाणी साच्यात सोडलं आणि बाहेरच्या हवेचा दवबिंदू २६ अंश असला, तर साच्यावर पाणी धरणारच. दार उघडून पाच मिनिटं थांबलात की पुढचे दोन-तीन शॉट सर्वांत खराब येतात, ही त्याची खूण. साच्याचं पाणी ३० अंशांच्या वर आणा, अ‍ॅक्रिलिकला तर टेम्परेचर कंट्रोलर लावून ६०-८० वर. सायकल वाढते, हे खरं. पण धूसर लेन्स कमी सेकंदांत काढून उपयोग काय? दुसरी शंका सिलिकॉन स्प्रेची; पारदर्शक भागाच्या साच्यावर तो मारूच नये. तिसरी गंज. खाडीजवळच्या शेडमध्ये साधं पोलाद दोन दिवसांत डाग धरतं. लेन्सचा साचा स्टेनलेस जातीच्या ४२० पोलादात, डायमंड पेस्टने पॉलिश केलेला हवा. सुट्टीपूर्वी गंजरोधक लावा आणि सुरुवातीचे शॉट बाजूला काढा.

आतला असेल तर बहुधा दुसरा दाणा मिसळलाय. पीसीचा अपवर्तनांक १.५८६ आणि अ‍ॅक्रिलिकचा १.४९, हे दोघे एकमेकांत नीट मिसळत नाहीत. त्यामुळे थोडंसं अ‍ॅक्रिलिक पीसीत गेलं तरी भाग मोत्यासारखा दुधाळ होतो. डिफ्यूझरच्या दाण्यात हेच मुद्दाम करतात, वेगळ्या अपवर्तनांकाचे अतिसूक्ष्म मणी टाकून. स्वच्छ लेन्सला मात्र तो दोष. हॉपर लोडरची नळी, ग्राइंडरचा कोपरा आणि ड्रायरची शंकू ही अशी मिसळ लपून राहण्याची नेहमीची ठिकाणं.

ग्राहकाकडे आकड्यात बोलायचं असेल तर धूसरपणा म्हणजे काय ते आधी ठरवून घ्या. एएसटीएम डी १००३ पद्धतीत आरपार जाणाऱ्या प्रकाशापैकी २.५ अंशांपेक्षा जास्त वळलेल्या प्रकाशाची टक्केवारी धरतात. "जरा डल दिसतं" या शेऱ्यावर कधीच तोडगा निघत नाही. दोन्हीकडे ठेवलेला एकच मर्यादा-नमुना, म्हणजे "इतपत चालेल" असं ठरवलेला भाग, त्याहून बरा.

ज्या तक्रारी मोल्डिंगच्या नाहीत

"पीसीच्या लेन्समधून ९२ टक्के प्रकाश का येत नाही?" येणार नाही. अपवर्तनांक १.५८६ असला की प्रत्येक पृष्ठभागावर पाच टक्क्यांहून थोडा जास्त प्रकाश परत फिरतो, दोन पृष्ठभाग मिळून दहा. वर थोडं शोषण, म्हणून ८८-८९ टक्के. अ‍ॅक्रिलिकमध्ये दर पृष्ठभागाला चार टक्क्यांच्या आसपास जातात, म्हणून ते ९२ देतं. ड्रायर बदलून हे बदलत नाही.

"प्रकाशाच्या कडेला निळी-पिवळी किनार दिसते." पीसीचा अबे अंक ३०, अ‍ॅक्रिलिकचा ५७-५८. अंक जितका लहान तितके रंग जास्त फाकतात. शिवाय पांढऱ्या एलईडीचाच रंग कोनाप्रमाणे थोडा बदलतो. किनार नको असेल आणि तापमान परवडत असेल तर अ‍ॅक्रिलिककडे जा.

तडे आणि इंद्रधनुषी पट्टे

भाग साच्यातून स्वच्छ निघतो आणि आठवड्याने स्क्रूभोवती बारीक जाळं पडतं, तेव्हा आतला ताण बघायला हवा. त्यासाठी यंत्र लागत नाही. जुना एलसीडी मॉनिटर पांढऱ्या पडद्यावर ठेवा. त्याचा प्रकाश ध्रुवित असतो. समोर भाग धरा आणि पोलरॉइड चष्म्यातून पाहत चष्मा फिरवा, पडदा काळा होईपर्यंत. आता पीसीच्या भागात रंगीत पट्टे दिसतील. जिथे ते दाट, तिथे ताण जास्त. गेटजवळ थोडे असणारच, स्क्रूच्या भोकाभोवती दाट असतील तर साचा गरम करा, होल्डिंग प्रेशर उतरवा. पीसीचा भाग १२० ते १२५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवून ताण काढता येतो, ३ मिलिमीटर जाडीला साधारण एक तास, मग ओव्हनमध्येच हळूहळू गार.

अ‍ॅक्रिलिकला मात्र ही चाचणी फसवी आहे. ताणाने त्याचा अपवर्तनांक पीसीच्या मानाने फारच कमी बदलतो. पट्टे दिसत नाहीत म्हणजे ताण नाही, असं नाही. त्यासाठी एका भागावर इथाइल अल्कोहोलचा बोळा काही मिनिटं ठेवा. ताण असेल तर तिथे बारीक तडे उमटतात. हा भाग मग विकायचा नाही, आणि त्याच कारणाने असेंब्लीच्या टेबलावर अल्कोहोलने किंवा थिनरने लेन्स पुसणं आजच बंद करा. साबणाचं सौम्य पाणी आणि मऊ कापड पुरतं.

पीसीच्या कव्हरला मऊ पीव्हीसीची वायर किंवा गॅस्केट टेकलेली असेल तर तिथेही तडे येतात. पीव्हीसीतला प्लॅस्टिसायझर बाहेर येऊन पीसीत उतरतो आणि ताण असलेल्या जागी तो फुटतो. गॅस्केट सिलिकॉनची घ्या, वायर पीसीला न टेकता क्लिपमध्ये बसवा. थ्रेड लॉकिंगचं द्रवही स्क्रूच्या भोकातून पीसीला लागू देऊ नका. अशा तड्यांच्या लॉटसाठी ड्रायर खोलून बसू नका. आधी असेंब्लीत काय टेकतंय ते बघा.